घारीचे बिल्ले

बीडच्या बसस्टँडमागं जीवनचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलची गादी असो, रिक्षाचं हूड असो, त्रेपन्नाव्या वर्षीही त्याचा टाका रेघ मारल्यासारखा पडतो. दोऱ्याचा रंग मात्र त्याची बायको चैताली निवडते आणि प्रत्येक रिळावर कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईंची पसंती चांगली. खरं म्हणजे जीवनला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. चैतालीखेरीज हे गावात एकालाच ठाऊक होतं. तो बिभीषण.

दोघं नांदूरघाटचे, शाळेत एकाच बाकावरचे. १९९० साली हवाई दलाच्या भरतीला ते औरंगाबादला बरोबर गेले. पळण्यात जीवन पुढं, लेखी परीक्षेतही जीवन पुढं. मग डोळ्यांची तपासणी आली. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे होते. बिभीषण आधी आत गेला आणि बाहेर पडताना आकडे कानात सांगून गेला. जीवननं ते त्याच क्रमानं म्हणून दाखवले. डॉक्टरनं पुस्तक मिटलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

त्या दिवशीच्या एस्टीनं जीवन नापास होऊन एकटा घरी आला. बिभीषणनं आपल्याला मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

पुढं हवाई दलात विमानांच्या देखभालीवर लागलेला बिभीषण सुट्टीवर आला की गावात त्याला खुर्ची मिळायची. जीवनचे वडील सुग्रीव लेकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बिभ्याची पाठ बघा कशी ताठ हाय." त्याचं लग्न, बदल्या, सार्जंटची पट्टी, बीडमधलं घर, प्रत्येक बातमी जीवनला कुसळासारखी टोचायची. तोंडानं तो म्हणायचा, "छान झालं की."

यंदाच्या जानेवारीत बिभीषण मोठी पिशवी घेऊन दुकानात आला. आत सहा चामड्याची जाकिटं होती. जुन्या काळी वैमानिक घालायचे त्या नमुन्याची, पण नवी करकरीत. सोबत सहा बिल्ले. त्यांवर तुकडीची खूण, पंख पसरलेली घार आणि भोवती हिरवी किनार. हे मात्र अस्सल होते. ज्यानं त्यानं आपल्या कामाच्या जुन्या डांगरीवरून उसवून पाठवलेले, कडेला तेलाचे डाग असलेले.

"आमच्या स्क्वाड्रनचे सहाजण पुण्यात जमायलेत," बिभीषण म्हणाला. "छातीवर लावून दे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होत न्हाई."

"इमान तर तू उडवलं न्हाई. जाकीट कावून?" जीवननं विचारलं.

"उडवलं न्हाई, पण उडण्याजोगं ठिवलं," बिभीषण हसून म्हणाला.

तो गेल्यावर चैतालीनं एक जाकीट उचलून पाहिलं. "भावजींना लई शोभंल, न्हाई?"

जीवननं ते तिच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं. दुपारी ती बाजारात गेल्यावर त्यानं बिभीषणचं जाकीट स्वतःच्या अंगावर चढवलं. खांद्यात तंतोतंत बसलं. आरशात त्याला पोट सुटलेला, कानाशी पिकलेला माणूस दिसला, तरी पाठ ताठ झाली होती. त्यानं बिल्ला छातीशी धरला. मग एकदम लाज वाटून जाकीट काढलं आणि कामाला बसला.

चैतालीची वाट बघायची नाही, असा हट्ट त्याच्या मनानं धरला. भावजींचं कौतुक करणाऱ्या बाईनं दोरा निवडायचा, हेच त्याला नको होतं. नव्या रिळांना अजून चिठ्ठ्या लागल्या नव्हत्या. त्यातलं गडद दिसलं ते त्यानं घेतलं, अस्तर बाजूला सारलं आणि मशीनचं चाक हातानं फिरवत एकेक टाका घातला. शिलाई देखणी झाली.

चैताली परतली तेव्हा बिभीषणही काही सांगायला दारात उभा होता. दोघांनी एकदमच पाहिलं. हिरव्या किनारीवर लालभडक दोरा.

"हे मुद्दाम केलंस का बे?" बिभीषणनं विचारलं.

"त्वा नव्वदला केलं तसं?"

चौतीस वर्षं गिळलेलं वाक्य असं निघून गेलं. बिभीषण स्टुलावर बसला.

"आकडे खरे होते," तो म्हणाला. "डॉक्टरनं पानं दुसरीकडून उलटली आसतील. मला काय ठावं? पण एक सांगतो. तू नापास झाल्यावर मला बरं वाटलंतं. तू पळण्यात म्होरं, लिहिण्यात म्होरं. तितं बी म्होरंच गेला आसतास. मी जन्मभर तुज्या मागंच राहिलो आसतो."

जीवनला आधी राग आला. मग आतल्या आत, कबूल करायलाही लाजावं असं, गोड वाटलं. ज्याच्यावर आपण इतकी वर्षं जळलो, तो आपल्यावरच जळत होता.

"वहिनी, हिरवा दोरा द्या त्याला," बिभीषण म्हणाला.

चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं राहतं. म्हणून जीवननं लाल टाके ब्लेडनं हलके तोडले आणि त्याच भोकांतून हातसुईनं हिरवा दोरा ओवत नेला. बिभीषण शेवटपर्यंत बसून होता. उरलेल्या पाच जाकिटांचा दोरा चैतालीनं काढून दिला.

फेब्रुवारीत बिभीषणनं त्याला ओढतच पुण्याला नेलं. सहा म्हातारे जाकिटं घालून, उन्हात घामाघूम होत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. त्यांच्यातल्या एकानं जीवनचा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही कोणत्या साली भरती झालात?"

"झालोच न्हाई," जीवन म्हणाला. "डोळ्यात नापास झालो. हे बिल्ले मी लावलेत."

त्या माणसानं मान वाकवून स्वतःच्या छातीवरच्या किनारीवरून बोट फिरवलं आणि बाकीच्यांना हाका मारल्या. सगळ्यांनी मिळून फोटो काढला. सहा जाकिटं आणि कडेला पांढऱ्या शर्टातला जीवन. परतीच्या एस्टीत बिभीषण जाकीट अंगावर तसंच ठेवून झोपला. जीवन नगरपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. हेवा अजून वाटत होताच. खिडकीतून बिभीषणच्या अंगावर गार वारा येऊ लागला, तेव्हा त्यानं उठून काच लावली.