बाबाने घातलेल्या भिंती

मी फुलचूरला घरांचे नकाशे काढतो. मागच्या उन्हाळ्यात आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी कागद घेऊन आली. तिला विचारायचं होतं की जुन्या बांधणीतली कोणती पद्धत परत यावी असं मला वाटतं. मी म्हणालो, "आमच्याकडची मातीची भिंत आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर." तिने लिहून घेतलं आणि हसून विचारलं, "सर, तुमचं गावातलं घर तसंच असेल ना?" मी विषय बदलला.

आमचं केशोरीचं घर तसंच होतं. ते मीच पाडलं.

बाबाची धानाची शेती, पण गावात त्याची ओळख भिंत घालणारा म्हणून. बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, चिकट माती आणायची, तिच्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून पायाने तुडवायची, मुरू द्यायची, आणि मग हातभर उंचीचा एकेक थर चढवायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा ठेवायचा नाही. कोणी घाई केली की बाबा काम सोडून घरी यायचा. आमच्या घराच्या भिंती दीड हात रुंद होत्या. पुढे ओसरीसारखी सपरी, वर लाकडी माळा आणि त्यावर कवेलू. मे महिन्यात दुपारी बाहेरून आत आलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसायचं नाही आणि अंग मात्र गार व्हायचं.

मला त्या घराची लाज वाटायची. लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामाने विचारलं, "घर स्लॅबचं आहे की मातीचं?" मी खोटं बोललो, "काम सुरू होणार आहे." लग्न ठरलं. मग खोटं खरं करणं भाग पडलं.

बाबा म्हणाला, "काऊन पाडतेस? भिंत फुगली का? पानी येते का?"

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"लोक राहून राहिले का अठी, या घरात?"

मी ओरडलो. आईने मध्ये पडून त्याला गप्प केलं. नकाशा मीच काढला होता, माझ्या शिक्षणाची पहिली कमाई म्हणून मोठ्या ऐटीत.

भिंती सहज पडल्या नाहीत. लोखंडी सब्बल लावली तर ढेकळाएवढा तुकडा निघायचा. शेवटी जेसीबी आणला. चालवणारा हिंदीत म्हणाला, "इसमें सीमेंट डाला है क्या?" बाबा समोरच्या कडुलिंबाखाली बसून सगळं पाहत होता. उत्तर मी दिलं. "नाही, मातीच आहे," असं मी सांगितलं, आणि सांगताना मला अभिमान वाटला. त्या क्षणी तरी थांबायला हवं होतं.

नवं घर झालं. पहिल्याच उन्हाळ्यात स्लॅब असा तापला की संध्याकाळीही पंखा गरम वारा फेकायचा. बाबा आपली खाट उचलून गुरांच्या कोठ्यात गेला. कोठा मातीचा होता, तो पाडायचा राहिला होता. बायको म्हणायची, "पाहुणे आले की बाबांना आत बोलवा, बरं दिसत नाही." मी बोलवायचो. बाबा पाहुण्यांसमोर घाम पुसत बसायचा आणि ते गेले की परत बैलांजवळ.

काही वर्षांनी कोहमाऱ्याकडे एक रिसॉर्ट उभं राहत होतं. मालक माझ्याकडे आला. त्याला "गाँव वाला फील" असलेली घरं हवी होती. मातीची घरं मागणारा माझ्या आयुष्यातला हा एकमेव माणूस. मला वाटलं, बाबाची किंमत निदान इथे तरी होईल. मी बाबाला गाडीवर मागे बसवून तिकडे नेलं. वाटेत तो बऱ्याच दिवसांनी बोलला. कुठल्या बोडीची माती चांगली, किती माणसं लागतील, सगळं.

मालकाने विचारलं, "कितने दिन?"

"दिवारीचा सण झाल्यावर सुरू केलं तर होळीपर्यंत एक घर," बाबा म्हणाला.

मालक हसला. "बाबाजी, दीवार तो ईंट-सीमेंट की बन गई। ऊपर से सिर्फ मिट्टी का लुक चाहिए।" मग त्याने बाबाकडे नीट पाहिलं. धोतर, डोक्याला दुपट्टा, पांढऱ्या मिशा. तो मला म्हणाला, "इनको सीज़न में बरामदे में बिठा दो। गेस्ट लोग फोटो लेंगे।"

बाबाला हिंदी पुरती कळायची. तो उठला आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला. मी मात्र मागे थांबलो, कारण नकाशाचं काम मला हवं होतं. ते मी घेतलंही.

परतताना तो एवढंच म्हणाला, "मले कायले आनलंस?"

त्या हिवाळ्यात मी ठरवलं की कोठ्याला लागून बाबासाठी एक खोली मातीची बांधायची. गावात दोघांना विचारलं. एक म्हणाला, आता हे कोणाला येतं? दुसऱ्याला वाटलं मी थट्टा करतोय. शेवटी सुट्टीच्या दिवशी मीच माती तुडवायला उतरलो. बाबाचे गुडघे गेले होते. तो खाटेवरून सांगायचा, "पानी जास्त झालं. तणस कमी आहे. आज दुसरा थर नोको ठेवू."

मला सोमवारपासून आठवडाभर फुलचूरला राहायचं होतं. मी दुसरा थर ठेवला.

पुढच्या रविवारी आलो तर भिंत मध्येच बसली होती आणि कडेने फाटली होती. बाबाने ती पाहिली होती, पण फोनवर सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "पुन्हा करतो."

"राहू दे," तो म्हणाला. "तुले टाइम नाई."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी तो गेला, त्याच कोठ्यात. अंत्यदर्शनासाठी बायकोच्या माहेरचे येणार होते म्हणून आम्ही त्याला उचलून स्लॅबच्या हॉलमध्ये आणलं.