मुरूम गेला कुठं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून मी रिटायर झाले. शवागाराची किल्ली कित्येकदा माझ्याच कमरेला असायची. मला कधी काही दिसलं नाही, कधी काही ऐकू आलं नाही. या सदरात लोक जे लिहितात त्यातलं निम्मं मला अशक्तपणा आणि जागरण वाटतं… राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली, तीही भर उन्हात आणि गावासमोर. ती सांगते.

आमचं सासरचं गाव येरमाळ्याहून कळंबकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं. भाऊबंद अजून तिथं आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आम्ही मुंबई राज्यात आलो होतो आणि अजून महाराष्ट्र व्हायचा होता. गावाच्या पूर्वेला आमची सनगर आळी, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांची. समोरासमोर माळवदाच्या घरांच्या दोन ओळी, मधल्या मोकळ्या जागेत घोंगड्यांचे ताणे लावलेले, आणि आळीच्या टोकाला बारव. लोकर तिथंच धुवायची, चिंचोक्याची खळ तिथल्याच पाण्यात शिजवायची, प्यायलाही तेच पाणी.

बारव लहानशी होती. चौकोनी, एका बाजूनं दगडी पायऱ्या. खोल अजिबात नाही. दर उन्हाळ्यात पाणी कमरेइतकं राहिलं की आळीतली माणसं आत उतरून गाळ काढायची. लग्न झालं त्या वर्षी मीही उतरले होते. खाली सलग काळा कातळ. कुठं भेग नाही, भगदाड नाही. एका कोपऱ्यातून बारीक पाणी झिरपायचं, बस्स. हे नीट लक्षात ठेवा.

मग गावात नवा मोंढा होणार असं ठरलं. धान्याच्या गाड्या, ट्रक यायला मोकळी जागा पाहिजे, आणि ती जागा म्हणजे आमची आळी. आम्हाला ओढ्यापलीकडचा माळ दाखवला. त्या माळावर झाड नाही, पाण्याचा थेंब नाही. माझे सासरे — मी त्यांना मामा म्हणायची — आळीतली म्हातारी माणसं घेऊन कळंबला गेले, उस्मानाबादला गेले. दिवस दिवस व्हरांड्यात बसले. कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी ऐकूनही घेतलं नाही. मामा म्हणायचे, मोंढा नको असं आम्ही म्हणतच नाही, थोडा अलीकडं बांधा एवढंच आमचं म्हणणं. काही घरं घाबरून निघून गेली. आम्ही राहिलो.

वैशाखात मोंढ्याचं काम घेतलेल्या गुत्तेदारानं डोकं चालवलं. बारव तर बुजवायचीच आहे, मग ती आधी बुजवू, पाणी तुटलं की हे लोक आपोआप उठतील, असं तो हॉटेलात बसून बोलला. आमच्या कानावर आलं ते खोटं असेल असं वाटलं. पण एका सकाळी मुरमानं भरलेल्या बैलगाड्या आळीत शिरल्या.

तेव्हा माझे मालक घोंगड्या विकायला बार्शीकडं गेलेले. माझी मुलगी सखू वर्षाची, तिला उलट्या-जुलाब लागलेले. गावातल्या दुसऱ्या विहिरी तळाला गेल्या होत्या, नदी कोरडी. आम्ही बायका पायऱ्यांवर जाऊन बसलो. सखू माझ्या मांडीवर. सोबत पोलीस आणले होते, ते काठ्या टेकून उभे राहिले. मुकादम कासीमभाई म्हणून होता, परांड्याकडचा. तो हात जोडून म्हणाला, "बाई, उठा. आमी हुकमाचे गुलाम. आमालाबी पोरंबाळं हायत." माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणायची — सगळ्यांच्या आधी त्याच उठल्या. मला त्यांचा फार राग आला. नंतर कळलं, पोलिसांनी मामांना बाजूला नेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

गाडी काठाला मागं घ्यायची, फळी काढायची, मुरूम आत ढकलायचा. पहिल्या गाडीला पाणी केवढं तरी वर उसळलं. आत्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला. मग दुसरी गाडी, तिसरी… मोजायचं भान कुणाला होतं? मी दारात सखूला घेऊन बसले आणि ऐकत राहिले. माझं लक्ष त्या आवाजावर होतं, कारण पाण्याचा आवाज बंद झाला म्हणजे बारव संपली. पण आवाज बदलेना. प्रत्येक गाडीला तोच, खोल पाण्यात पडल्यासारखा. दगडावर दगड आपटला असं एकदाही ऐकू आलं नाही.

दुपारी गडीमाणसं लिंबाखाली भाकरी खायला बसली. सखूचे ओठ सुकले होते, डोळे आत गेले होते. मी घागर उचलली आणि सरळ बारवेकडं निघाले. कासीमभाईनं अडवलं नाही, फक्त म्हणाला, "गढूळ असंल पानी. लेकराला पाजू नगा."

मी उतरले. पाणी रोजच्याच पायरीला होतं. गढूळ नव्हतं. ऊन सरळ आत पडलं होतं आणि खालचा कातळ स्वच्छ दिसत होता. सकाळपासून ओतलेल्या मुरमाचा एक खडा तिथं नव्हता… एकसुद्धा. तरी मी घागर बुडवली. खरं सांगते, त्या वेळी भीतीपेक्षा पाणी मोठं होतं.

मी नितळ पाण्याची घागर घेऊन वर आले. कासीमभाईनं माझ्याकडं पाहिलं, चपला काढल्या आणि एक बांबू घेऊन खाली गेला. बांबू कातळाला लागल्याचा टक् असा आवाज आम्ही वरून ऐकला. मग जागा बदलून परत टक्, परत टक्. वर आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"हिला तळ हाय का न्हाय, बाई?"

"आत्ता तुम्हीच बांबू लावला की," मी म्हणाले.

त्यानं चपला पायात घातल्या. संध्याकाळपर्यंत गाड्या येत राहिल्या, पण गडी आता काठाजवळ जायला बघत नव्हते. आळीत बातमी पसरली. तुम्हाला वाटेल आम्हाला आनंद झाला. नाही. सगळे भेदरले. कुणी हळद-कुंकू आणलं, नारळ आणला. आत्यांनी तो नारळ हातातून काढून घेतला.

"त्याला काय बी नाव देऊ नगा," त्या म्हणाल्या. "आदी पानी भरून घ्या."

आणि आम्ही भरलं. रांजण, घागरी, हंडे, खळीची पातेलीसुद्धा. आत्या रात्रभर सखूला भाताची पेज पाजत बसल्या. आज नर्स म्हणून सांगते, त्या दिवशी पाणी मिळालं नसतं तर ती पोर वाचली नसती.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदार जीप घेऊन आला. मुरूम दुसरीकडं विकलास म्हणून त्यानं कासीमभाईला सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. मग छत्री लावून काठावर स्वतः उभा राहिला आणि डोळ्यांदेखत गाड्या रिकाम्या करून घेतल्या. दुपार कलल्यावर तो पायऱ्या उतरून खाली गेला. वर आला. शर्ट भिजलेला, चष्मा हातात. जीपमध्ये बसला आणि गेला. मागोमाग गाड्याही गेल्या.

त्यानंतर थोडे दिवस कुणी आलं नाही. आळीत परत ताणे लागले. माझे मालक आले, त्यांना हे खरंच वाटेना. मामा तर म्हणायला लागले की आता आपल्याला कुणी उठवत नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग ते आले. या वेळी बारवेकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. जास्त पोलीस, वेगळे गडी, हातात पहारी. सामान बाहेर काढा म्हणाले. आम्ही रडलो, आडवे पडलो, मामांनी एका शिपायाचे पाय धरले. काही उपयोग झाला नाही. आत्या चुलीपाशी बसून राहिल्या. माळवदाची माती वरून गळायला लागली तेव्हा माझ्या मालकांनी त्यांना उचलून बाहेर आणलं. भिंती पांढऱ्या मातीच्या, भराभर पडल्या.

ती माती, ते दगड गाड्यांत भरले आणि बारवेकडं नेले. आम्ही रस्त्यावर बोचकी घेऊन उभे होतो. मामा मला म्हणाले, "बघ, आता बी भरत न्हाय ती."

पहिली गाडी रिकामी झाली आणि दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला.

थोड्याच गाड्या लागल्या. दिवस मावळायच्या आत बारव काठापर्यंत भरली होती, आणि गडी वर उभे राहून पायानं माती दाबत होते. मामा मटकन खाली बसले. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर स्वतःचा पदर धरला, लेकरावर धरावा तसा. ऊन उतरलं होतं तरी.

आत्या त्याच उन्हाळ्यात त्या माळावर वारल्या. आम्ही लातूरला आलो. पुढं मी नर्सिंग केलं, सखू मोठी झाली.

बऱ्याच वर्षांनी कासीमभाई माझ्याच वॉर्डात ॲडमिट होता. मी ओळखलं, त्यानंही. त्या दिवसानंतर मुकादमकी सोडली म्हणाला. विहीर बुजवायचं काम परत केलं नाही. निघताना हळूच विचारलं, "सिस्टर, मुरूम गेला कुठं, काय कळलं का वो?" मी नाही म्हणाले.

आमच्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, कातळाखाली पोकळी असेल, ओझ्यानं वाट झाली असेल. असेल. मग कातळ तसाच कसा दिसत होता? बांबू कशाला लागला? पाणी का उतरलं नाही? आणि आमच्याच घरांच्या मातीनं ती पोकळी एका दिवसात कशी भरली?

 कुणाला उत्तर सुचत असेल तर जरूर लिहा. पण देवानं केलं, असं कृपा करून लिहू नका. त्यानंच केलं असेल, तर अर्ध्यात का सोडलं ते आधी सांगा.