ओल्या रंगाचा नमुना

१४ मार्चला आमच्या बंदर कार्यालयाच्या खात्यात ४,८६,२५० रुपये जमा झाले. एका मालवाहू जहाजाने किनाऱ्यालगत तेलकट पाणी सोडलं, त्याचा हा दंड आणि नुकसानभरपाई. रक्कम मी नेहमीसारखी नोंदवली. पण ती ज्यांच्यामुळे आली त्या बाईंबद्दल निवृत्त होण्याआधी चार ओळी लिहिणं मला भाग आहे.

तपासणी विभागातल्या या बाई जहाजांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेतात, म्हणून सगळे त्यांना नमुनेताई म्हणतात. पहिल्यांदा कुणी चेष्टेने तसं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल. इथे नमुने पुष्कळ आहेत, निदान एकावर तरी लेबल हवं."

माझा थोरला भाऊ खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडलेल्या दोरांवर शिंपले वाढवतो. जानेवारीत एका सकाळी सगळे दोर काळे झाले आणि माल फेकावा लागला. तेल कोणत्या जहाजाचं हे सिद्ध झालं नाही, तर भरपाई मिळणार नव्हती. आणि भरपाई नाही तर होडी विकायची, असं दादाने ठरवूनच टाकलं होतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, होडी गेली तर हे दिवसभर घरात बसून माझं डोकं खातील. काहीतरी करा."

मी नमुनेताईंकडे गेलो. म्हटलं, "ताई, ते दोर माझ्या भावाचे आहेत."

"मग आता पुढे काही सांगू नका. बसा, चहा घ्या आणि जा."

मला ते लागलं. पण पुढे जहाजाच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला, की तपासणीआधी कोण येऊन काय बोललं? त्या एका वाक्यापलीकडे आणि चहापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, हे आमचं नशीब.

रविवारी ताई संशयित जहाजावर गेल्या. बाटल्यांची पेटी घेऊन लाँचचालक सोबत होता. पुढचं त्याने सांगितलेलं. इंजिनखोलीत पाण्यातून तेल वेगळं करणारं यंत्र नीट चालू होतं. बाहेर जाणारं पाणी स्वच्छ.

"बाई, म्हणाल तर पिऊन दाखवतो," मुख्य इंजिनियर हसून म्हणाला.

"नको, तुमची तब्येत बिघडली तर तोही रिपोर्ट मलाच लिहावा लागेल."

निघताना जहाज डुललं. तोल सावरायला ताईंनी एक पाइप धरला आणि तळहात हिरवा झाला. तपासणी येणार म्हटलं की जहाजावर रंगाचा हात फिरतोच. पण इथे बाकी सगळ्या पाइपांचे पोपडे निघालेले, आणि ताजा रंग फक्त त्या एका जोडावर.

"वऱ्हाड सगळं मळकट, आणि हा एकटाच नवरदेव?" ताई म्हणाल्या. "खोला हा जोड."

"कशाला बाई? रंग खराब होईल."

"माझा हात झालाच आहे. खोला."

यंत्राला वळसा घालून घाण पाणी थेट समुद्रात सोडणारा पाइप तिथे लावलेला होता. तो घाईने काढून, उरलेल्या तोंडावर झाकण बसवून रंग फासला होता. आत काळं तेल साचलेलं. ताईंनी ते बाटलीत भरलं. प्रयोगशाळेत ते आणि दोरांवरचं तेल एकच निघालं.

दादाला त्याची भरपाई मिळाली. होडी पाण्यातच आहे. तो टोपलीभर शिंपले घेऊन ताईंकडे गेला, तर त्यांनी दारातूनच परत पाठवला. "खाल्ले असते हो, पण उद्या तुमच्याच शेजाऱ्याची तक्रार आली तर?" ते शिंपले आम्ही खाल्ले. वहिनीने जेवताना ताईंचं इतक्या वेळा नाव घेतलं, की दादा शेवटी म्हणाला, "अगं, होडी मीही चालवतो."

त्या रविवारी लाँचमध्ये डिझेल नव्हतं. ताईंनी पदरचे पैसे घालून ते भरलं. पावती भिजून गेली. कार्यालयाकडून त्यांचे ३१० रुपये येणे बाकी आहेत.