लेव्हलदादाचे ठसे

लेव्हलदादाच्या हातांना तेल चोळायची अक्कल माझी. वर्षानुवर्षं फरशा बसवून त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की इथे परदेशात निवासी कार्डाच्या कचेरीतलं यंत्र त्याचे ठसेच घेईना. पहिली खेप अशी वाया गेल्यावर मी, आमच्या खोलीतला एकमेव पदवीधर, म्हणालो, "दादा, कातडी मऊ पाहिजे." दुसऱ्या खेपेला त्याला कोपरापर्यंत तेलात बुडवूनच नेला.

रांगेतही दादा गप्प उभा राहील तर शपथ. खिशात लेव्हलची पट्टी घेऊन फिरणारा माणूस. आमच्या खोलीत प्रत्येकाच्या खाटेवर ती ठेवून "डोक्याकडे उतार आहे रे तुझ्या" असं सांगून झालेलं. इथे तो बुटाच्या टाचेने फरशा ठोकायला लागला. "ही पोकळ. हीपण पोकळ." ठोकत ठोकत तो पार दारापर्यंत गेला आणि मी त्याला दंडाला धरून परत आणला. माझा हातही तेलकट झाला.

खिडकीशी त्याची बोटं काचेवरून घसरगुंडी खेळायला लागली. आतल्या बाईंनी काच पुसली. पुन्हा पुसली. मदत म्हणून दादाने स्वतःच्या बाहीने पुसली, तेव्हा यंत्राने मान टाकली. मागची अख्खी रांग शेजारच्या खिडकीकडे वळली, ती आमच्याकडे बघत बघत.

इथली भाषा मला येते, दादाला नाही. बाई बरंच बोलल्या. मी गाळून सांगितलं, "पुढच्या सोमवारी या म्हणतायत. कोरड्या हातांनी."

"एवढ्या बोलल्या, आणि एवढंच?"

"बाकीचं माझ्याबद्दल होतं."

गंमत इथे संपत होती. तिसऱ्यांदाही ठसे उमटले नाहीत, तर फाइल मोठ्या कचेरीत जाणार होती आणि तिथून ती कधी सुटेल ते कुणीच सांगेना. दादाचं कार्ड आल्याशिवाय वहिनीचा व्हिसा होणार नव्हता. वहिनीने तर तिकडे बॅगही भरून ठेवलेली, त्यात कंगवासुद्धा. रोज सकाळी केसांसाठी ती अख्खी बॅग उपसत होती.

संध्याकाळी तिचा फोन. "भाऊजी, तेल कुणी सुचवलं?"

"वहिनी, आवाज तुटतोय."

"मला स्पष्ट येतोय!" दादा बाजूने ओरडला.

"मग ऐका दोघंही. सोमवारपर्यंत ह्यांनी सिमेंटला हात लावायचा नाही. घासणीला नाही, साबणाला नाही. सगळं भाऊजी करतील."

दादाने मुकादमाकडून सुट्टी घेतली, माझे थंडीतले हातमोजे घातले आणि खाटेवर संस्थानिकासारखा बसला. "पाठ खाजव. डावीकडे. अरे, तुझं डावं नाही, माझं!" भांडी घासायची त्याची पाळीही माझ्यावर आली. वर बसल्या जागेवरून देखरेख. "कढईचा कोपरा राहिला बघ."

"कढईला कोपरा कुठला?"

"म्हणूनच राहतो. घास, घास. तुझी सगळी भांडी फेडीन मी, कार्ड तर येऊ दे."

सोमवारी दादा रांगेत खांबासारखा उभा. ना ठोकाठोक, ना बडबड. अंगठा काचेवर ठेवला आणि पडद्यावर करड्या रेघा उमटल्या. "माझाच का रे?" त्याने हळूच विचारलं. तर्जनी मात्र अडून बसली. शेवटी बाईंनी खिडकीतून हात घालून त्याचं बोट धरलं आणि दाबलं. उमटलं! दादा कानापर्यंत लाल.

"घरी हे सांगू नकोस," बाहेर पडताच तो म्हणाला.

कार्ड आलं. मागोमाग वहिनीचा व्हिसा झाला आणि दादाने दोघांसाठी वेगळी खोली बघितली. तो सामान बांधत होता तेव्हा मी विचारलं, "भांड्यांचं काय?"

दादाने दोन्ही हात खिशात घातले. "अरे, कार्ड दोनच वर्षांचं आहे. परत ठसे द्यायचेत. हात जपायला नकोत?"

"बाईंनी बोट धरलेलं सांगू का वहिनीला?"

"सांग. ती म्हणेल, तेल कुणी लावलं होतं?"

त्या आठवड्याची भांडी अजून त्याच्याकडे निघतात.