सव्वीस पानांना दिलेलं मत

पडद्याच्या सोळा कड्यांपैकी नऊ अडकवून झाल्या होत्या. मी स्टुलावर, तोंडात दोन कड्या धरलेल्या, तेवढ्यात धाकटे भाऊजी दारात येऊन उभे राहिले. काखेत ते जाड पुस्तक, हातात फाशांचा डबा.

"वहिनी, स्टूल... क-कधी मोकळं होईल?"

"कशाला?"

"हे माळ्यावर टाकतो."

मी कड्या तोंडातून काढल्या. त्या पुस्तकाला माळ्याचा रस्ता मीच दाखवला होता आणि का, ते मला एकटीलाच ठाऊक होतं. ते आज खरं खरं लिहिते आहे, कारण दोन आठवड्यांपूर्वी याच वहीत मी खोटं लिहिलं आहे.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. वय एक्कावन्न, लग्न केलं नाही. एकोणिसाव्या वर्षापासून लिफ्ट दुरुस्त करतात. लहानपणापासून बोलताना अडखळतात. मी या घरात आले तेव्हा त्यांचा पहिला शब्द, 'वहिनी', मीच पुरा केला होता आणि मला वाटलं होतं, मी केवढी समजूतदार! फोन वाजला की ते दुसऱ्या खोलीत जातात. कामावर मात्र त्यांचं बोलणं कधी अडकत नाही, असं त्यांचा जोडीदार सांगतो. लिफ्टचं दार उघडण्याआधी ते तपासणीची यादी मोठ्याने वाचतात. बत्तीस वर्षं तीच यादी, तोंडपाठ आहे, तरी कागद हातात धरून वाचतात. एकदा मी हसले तर म्हणाले, "यादीतली प्रत्येक ओळ कोणीतरी प-पडल्यावर लिहिलेली आहे, वहिनी."

त्यांचा एकच शौक. रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळतात. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, भाऊजी सूत्रधार. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई आणि कोपऱ्यावरचे औषधवाले हे दोघे जुने गडी. तिसऱ्याची बदली झाली, म्हणून मला ओढलं.

यंदा भाऊजींनी नवी गोष्ट रचली होती. शहर आपल्यासारखंच, तेच जिने, तेच दिव्याचे खांब. फक्त प्रत्येक पुलाला, खांबाला, बंद पडलेल्या लिफ्टला एकेक अदृश्य राखणदार. त्यांच्याशी करार करत माणसांनी राहायचं. आता एवढंच ठरवायचं होतं की खेळायचं कुठल्या नियमांनी. पुस्तकं दोन. एक चारशे बारा पानांचं, दुसरं सव्वीस पानांचं. एकेक रविवार दोन्ही खेळून बघायचं, मग चिठ्ठ्या टाकायच्या. सूत्रधाराला मत नाही, कारण जे ठरेल ते त्यालाच चालवायचं असतं.

पहिल्या रविवारी पातळ पुस्तक. त्यात फासे नावालाच. जो छान बोलेल त्याचं खरं. वकीलबाईंची तर दिवाळीच! भाऊजी पुलाचे राखणदार झाले होते. "थ... थ..." म्हणेपर्यंत वकीलबाई प्रेमाने म्हणायच्या, "थांबा, असंच ना?" तासाभरात त्या स्वतःचंही बोलत होत्या आणि पुलाचंही. मी हे कानांनी ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या रविवारी जाड पुस्तक. पुलावरून कुणाला जाऊ द्यायचं याचीही दोन पानं. भाऊजी पानावर बोट ठेवत, फासा टाकत, आणि सगळे फाशाकडे बघत. त्यांच्या तोंडाकडे बघत कोणी वाट पाहत नव्हतं. दोन तास ते बोलले. सलग. मी चहा ओतता ओतता थांबले होते, इतकं नवल वाटलं.

आणि मग माझी पाळी आली. मी शिंपीण झाले होते. लिफ्टच्या राखणदाराला शब्द दिला की सर्वांत खालचं दार उघडणार नाही. तो कागदावर लिहिला. पुढे मोह झाला आणि उघडलं. राखणदाराने विचारलं, तर मी डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं, "मी नाही बाई."

भाऊजींनी शांतपणे पान उलटलं. "राखणदाराशी खोटं बोलल्यास फासा. पाचाच्या खाली पडला, तर जे साक्षीला होते त्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं."

दोन पडले.

औषधवाले टेबलावर थाप मारून हसले. "वहिनी! पहाटे उठून तासभर देवाचं नाव घेता, आणि दुसऱ्याच रविवारी खोटं?"

"फाशालासुद्धा कळलं हो!" वकीलबाई.

मीही हसले. सांगितलं, "उघडलं मी दार." पण कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. घरात खोटं मी कधी बोलत नाही असं माझं मलाच वाटत होतं ना!

चिठ्ठ्या उघडल्या. वकीलबाई सव्वीस पानांच्या बाजूने: "आठवडाभर कलमंच वाचते हो, रविवारी तरी सोडा." औषधवाले जाड पुस्तकाच्या: "मी गोळ्यांच्या खोक्यातला कागदसुद्धा पुरता वाचतो." उरली माझी चिठ्ठी. सव्वीस पानं. आणि कोणी विचारलं नसताना मी वर म्हणाले, "देवाचं नाव घेतात त्या घरात शपथा मोडायचे खेळ नकोत."

भाऊजी फक्त "बरं" म्हणाले. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलं आहे, 'आज देवाने बुद्धी दिली.' देवाचा काय संबंध! मला राग आला होता, आणि तो लपवायला मी देवाला पुढे उभं केलं.

गेल्या रविवारी सव्वीस पानांनी खेळ सुरू झाला. भाऊजी तिसऱ्या वाक्याला अडले, वकीलबाईंनी ते पुरं केलं, आणि त्यानंतर ते फक्त मान हलवत राहिले. औषधवाले दोनदा माझ्याकडे बघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज ते स्टूल मागत होते.

"आणि रविवारी?" मी विचारलं.

"मी नाही म्हणून क-कळवलंय. वकीलबाईच चालवतील. त्यांना ज-जमतं."

मी खाली उतरले. पडदा एका बाजूने लोंबतच होता.

"भाऊजी, ते देवाचं मी उगाच बोलले. मला दोन पडले, सगळे हसले, म्हणून मी तसं मत दिलं. तुम्ही त्या दिवशी किती बोललात ते बघूनसुद्धा दिलं."

ते पुस्तकाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. माझ्या जिभेवर त्याचा पुढचा शब्द तयार होता. तो मी गिळला आणि थांबले.

"म... मला माहीत होतं," ते म्हणाले. "फासा मीच उचलला ना. त-तुमचा चेहरा बघितला होता."

म्हणजे दोन आठवडे हा माणूस माझ्या हातचा चहा घेत होता, सारं जाणून. याहून त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक उघडलं नाही, पण बोट मात्र त्यावर ठेवलं. "नियम तुम्हाला ठाऊक आहे. जे साक्षीला होते, त्या सगळ्यांसमोर."

हे बोलताना ते एकदाही अडखळले नाहीत. हसलेही नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवून ते कामावर गेले. स्टूल तिथेच आहे, सात कड्या राहिल्या आहेत, आणि चप्पल घालायच्या आधी हे लिहून काढते आहे, म्हणजे वाटेत मला दुसरं काही कारण सुचायला नको.

औषधवाल्यांचं दुकान एकला बंद होतं. आधी त्यांना गाठायचं, मग त्यांना घेऊनच जिना चढून वकीलबाईंकडे, मत बदलायला.