चाकाचं पत्र

जुनी मोटारसायकल मी आमच्याच कारखान्यातल्या, बेटेगावच्या एका हेल्परला विकली. कागदावर नाव बदलायचं आम्ही दोघांनीही टाळलं, म्हणून गाडीच्या कंपनीचं पत्र माझ्याच घरी आलं. अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो, फुकट बदलून देऊ, तोवर गाडी चालवू नका. फुकट होतं, तरी तो गाडी परत माझ्या गळ्यात मारेल या भीतीने मी ते कपाटात कोंबलं. इतका हलकट मी!

दुसऱ्या दिवशी बोईसरला बसची वाट बघत होतो, तर तोच समोर थांबला. "बसा ना साहेब, गाडी तुमचीच हाय."

कंबर दुखतेय म्हणालो आणि बसलो नाही.

टाकीवर दप्तर घेऊन बसलेल्या त्याच्या मुलीने मला हात केला. मीही हसून केला.