शिक्का मारलेली चिठ्ठी

ती चिठ्ठी खोटी होती, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. नागपुरात सक्करदऱ्याच्या एका शाळेत मी चौथीला शिकवायचो. वर्गातल्या एका मुलीला एका जागी बसवत नसे. पाढे म्हणता म्हणता उठून खिडकीशी जायची, मधेच विचारायची, "गुरुजी, उन्हाळ्यात तलावाचं पाणी कुठी जाते?" पोरं हसायची. साहेबांची शाळा-तपासणी जवळ आली होती आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

मी तिच्या आईला म्हटलं, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरांनी सांगितलं, वर्गात कशी वागते ते गुरुजींकडून लिहून आणा.

खरं लिहिलं असतं तर त्यांनी हसून घरी पाठवलं असतं. म्हणून मी लिहिलं, मुलांना मारते, चावते, पाटी फेकून एकाचं डोकं फोडलं. खाली शाळेचा शिक्का मारला.

आईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं जी?"

"तिच्या भल्याचंच."

तिनं चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली.

गोळ्या सुरू झाल्या. दुपारची मीच द्यायचो, माझ्या तांब्यातल्या पाण्यासोबत. आठवड्याभरात पोरगी बाकावर डोकं टेकून राहू लागली. तपासणीला माझा संस्काराचा पाठ होता, 'दुसऱ्याचं मन जाणा'. साहेबांनी शेरा दिला, वर्ग शांत. मी कायम झालो.

नंतर आई आली. "पोरगी दिवसभर झोपून राहते जी. गोळी बंद करू का?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हणालो. डॉक्टरांसमोर माझीच चिठ्ठी होती.

बारा-तेरा वर्षांनी ती बर्डीच्या बस स्टॉपवर भेटली. तिनंच ओळखलं.

"गुरुजी, तुमची मारकुटी मी." ती हसली. "डॉक्टरनं आईले सारं वाचून दाखवलं होतं. कोणाचं डोकं फोडलं होतं जी मी? मले काहीच आठवत नाही. त्याची माफी मागाची होती."

मी बसच्या वाटेकडं पाहिलं.

"मले पोरगी झाली. सासूच सांभाळते तिले. अंगावर घ्याले मले माझंच भेव लागते."

"जुन्या गोष्टी," मी म्हणालो. "विसर."

बस आली. मी चढलो. ती बस माझ्या घराकडं जाणारी नव्हती.

तिनं कुणाचंही डोकं फोडलं नव्हतं. तिच्यासमोर उभं राहून हे सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.